कुत्र्याचा घास आधी काढा

महाडच्या बाजारपेठेतल्या चाळीत विचारा, बिरवाडीच्या कामगार वस्तीत विचारा, नाहीतर पोलादपूरच्या वरच्या अंगाला घाटाखालच्या एखाद्या वाडीत विचारा. ‘काय हो काकू, कुत्र्याला खायला काय घालता?’ उत्तर बहुधा एकच येते. ‘घालायचं काय वेगळं? उरलंसुरलं असतं ते घालतो.’ यात कुणाला काही वावगे वाटत नाही. घरात अन्न वाया जात नाही, मुक्या जिवाचे पोट भरते, राखणही होते. आणखी काय पाहिजे?

प्रस्तुत लेखात या ‘उरल्यासुरल्या’चाच विचार करायचा आहे. आरोग्याच्या सदरात कुत्र्याच्या जेवणाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण कुत्रे ज्या अंगणात जेवते त्याच अंगणात आपले मूल रांगते. कुत्र्याच्या भांड्यात जे पडते त्याचे बरेवाईट परिणाम घरातल्या माणसांपर्यंत येऊन पोचतात. म्हणून हा विषय पशुवैद्यकाइतकाच आपल्या डॉक्टरचाही आहे आणि त्याहून अधिक घरच्या गृहिणीचा आहे.

आपल्याकडे जेवायला बसण्यापूर्वी गाय, कुत्रा आणि कावळा यांच्यासाठी घास काढून ठेवण्याची जुनी चाल होती. पितृपक्षात अजूनही कित्येक घरांत ती पाळली जाते. त्यामागची धार्मिक भावना ज्याची त्याची. परंतु त्यातली एक गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीनेही मोलाची आहे. तो घास आधी काढलेला असे, पंगत उठल्यावर पानातला खरवडून टाकलेला नसे. माझे सांगणे एवढेच आहे की, कुत्रे पाळायचे असेल तर त्याचा वाटा आधी काढावा. फोडणी, मीठ, मसाला पडण्यापूर्वी आणि शिजवून. असे केले तर महागड्या पिशव्यांवाचूनही कुत्रे धडधाकट राहते आणि घरातली माणसेही सुरक्षित राहतात.

दोन टोके

आपल्या भागात कुत्रे पाळण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. पहिली जुनी. गुरांमागे, शेतावर, वाड्याच्या राखणीला गावठी कुत्रे असते. त्याला भाकरीचा तुकडा, आंबलेला भात, माशाचे काटे मिळतात. बाकी ते आपले आपण बघते. दुसरी तऱ्हा अलीकडची. मुंबई-पुण्याचा चाकरमानी गणपतीला येताना लॅब्रॅडॉर नाहीतर पामेरियन घेऊन येतो, सुट्टी संपली की ते आजी-आजोबांच्या गळ्यात पडते. सोबत पिशवीबंद खाद्याचे एक मोठे पोते असते. पोते संपले की म्हाताऱ्या माणसांना प्रश्न पडतो की आता याला घालायचे काय. कुणी चहात बुडवून ग्लुकोज बिस्किटे घालतो, कुणी दूध-चपाती घालतो आणि कुत्रे दिवसेंदिवस पिंपासारखे फुगत जाते.

म्हणजे एका टोकाला हेळसांड आणि दुसऱ्या टोकाला लाड. दोन्हीकडे मूळ चूक एकच आहे. कुत्र्याला कशाची गरज आहे याचा विचार कुणी केलेला नसतो.

कुत्र्याला काय पचते?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला फक्त मांसच हवे, असे काही हौशी लोक ठासून सांगतात. ते पूर्ण खरे नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवण्यासाठी लागणाऱ्या जनुकांच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे त्यांना आढळले. हजारो वर्षे माणसाच्या चुलीशेजारी राहून कुत्र्याने आपले पोट माणसाच्या धान्याशी जुळवून घेतले आहे. तेव्हा भात, भाकरी हे कुत्र्याचे अन्न नव्हे असे म्हणण्यात अर्थ नाही. नीट शिजवलेले धान्य त्याला चांगले पचते.

पण नुसत्या धान्यावर त्याचे भागत नाही, हेही तितकेच खरे आहे. याचा पुरावा तर वैद्यकशास्त्राच्या इतिहासातच नोंदलेला आहे. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून ओटच्या लापशीसारख्या धान्याच्या आहारावर वाढवली. त्या पिल्लांना मुडदूस झाला, पाय वाकले, हाडे मऊ पडली. आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले तेव्हा हा रोग टळला. या १९१९ सालच्या संशोधनातून पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि जगातल्या लाखो मुलांचे पाय सरळ राहिले. तसेच १९३७ साली अमेरिकेत कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांच्या ‘काळी जीभ’ या रोगावर निकोटिनिक ॲसिड हे औषध असल्याचे दाखवले. त्यावरूनच माणसाच्या पेलाग्रा या रोगाचा उपाय हाती लागला. माणसाला सकस आहाराचे धडे कुत्र्याने दिले आहेत आणि आपण मात्र त्याच्या भांड्यात कोरडी भाकरी टाकून मोकळे होतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणसाच्या कातडीत उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे तयार होत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, मासळी, थोडी कलेजी. दिवसभर उन्हात लोळणारे पिल्लूसुद्धा नुसत्या दूधभातावर मुडदुसाने वाकडे होऊ शकते, त्याचे कारण हे आहे.

पानातले उष्टे का नको?

आता आपल्या पानात काय उरते ते पाहू. कालवणाचा रस्सा, कांदा-लसणाचे वाटण, कोंबडीची हाडे, माशाचे काटे, सणासुदीला शिरा नाहीतर लाडू. यातली प्रत्येक गोष्ट कुत्र्याच्या दृष्टीने तपासावी लागते.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला कसाही असो, त्याचा दोष जात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे पुरे. एका वेळी एवढा कांदा तो खाणार नाही, पण रोज वाटणाचा रस्सा मिळत असेल तर थोडे थोडे साचत जाते. हिरड्या फिकट पडलेले, जरा धावले की धापा टाकणारे कुत्रे दिसले तर ‘म्हातारे झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ल्यावर होतात याचा नेम नसतो, म्हणून एकही देऊ नये. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कुत्र्यापुढे ठेवण्यापूर्वी हे आठवावे. चॉकलेट त्याच्या हृदयाला घातक आहे. जितके कडू व काळे तितके अधिक वाईट. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगगम आणि गोळ्या आता आपल्या बाजारातही मिळतात. त्या चुकून खाल्ल्या तर कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही त्याला मनाने देऊ नयेत.

शिजवलेल्या कोंबडीचे हाड चावल्यावर त्याच्या अणकुचीदार ढलप्या निघतात. त्या घशात अडकतात किंवा आतडे फाडतात. तेलकट-तुपकट उष्टे एकदम पोटात गेले तर स्वादुपिंडाला सूज येते. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी ओकणारी, पोट आखडून बसणारी कुत्री दिसली तर ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहरी ओवाळत बसू नये, दवाखाना गाठावा. दुधाचे म्हणाल तर पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही, हगवण लागते. दूध सोसत नसेल तर बिनमिठाचे ताक किंवा थोडे दही द्यावे.

बुरशीचे धान्य

आपल्या भागातला पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको. चार महिने भिंतींना ओल असते, डब्यातल्या पिठाला वास येतो, भुईमुगाच्या शेंगांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. माणसांनी खाण्याजोगे राहिले नाही की ते पीठ, ते दाणे ‘कुत्र्याला घाला’ म्हणून बाहेर येतात. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले आणि घराघरांतले, दुकानांतले धान्य भिजले. अशा भिजून वाळवलेल्या धान्याबद्दल प्रत्येक पुरानंतर हाच मोह होतो.

हा मोह आवरलाच पाहिजे. धान्यावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाव घालते आणि शिजवून नाहीसे होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतले तेच अन्न खाणारी कुत्रीही कावीळ होऊन मेली. एकाच चुलीवरच्या अन्नाने धनी आणि राखणदार दोघांचाही घात केला. जे माणसाला खाण्याजोगे नाही ते कुत्र्यालाही खाण्याजोगे नाही, हा धडा त्यातून घ्यावा. बुरशीचे धान्य उकिरड्यावरही उघडे टाकू नये, पुरून टाकावे.

पिशवीतले कोरडे खाद्यही या नियमातून सुटत नाही. मोठे पोते घेतले की स्वस्त पडते खरे, पण जून ते सप्टेंबर या काळात तोंड उघडे राहिलेले पोते महिनाभरात खवट होते. पावसाळ्यात लहान पिशवी घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

सर्वांत मोठा धोका

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. शिमग्याला, जत्रेला, राखणीच्या बकऱ्याला, किंवा एरवीच्या रविवारी, बकरे कापले की काही भाग माणसे खात नाहीत. कुठे फुप्फुसात, कुठे काळजात पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. तेवढा तुकडा कापून कुत्र्याकडे भिरकावला जातो. कुत्रे खूश, खाटीक खूश, आणि जागाही साफ. ही अगदी साधी दिसणारी गोष्ट घरातल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

त्या पाण्याच्या गाठींत एका पट्टकृमीची शेकडो पिल्ले असतात. कुत्र्याच्या पोटात गेल्यावर त्यांचे काही मिलिमीटर लांबीचे जंत होतात. साधारण सहा-सात आठवड्यांनी कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी पडू लागतात. कुत्र्याला काहीही होत नाही. ते टुणटुणीत दिसते, शेपूट हलवते, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळते. डोळ्यांना न दिसणारी ती अंडी त्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, परसातल्या माठ-कोथिंबिरीला चिकटतात आणि हातावाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशीच पाण्याची गाठ वाढू लागते. याला हायडॅटिड रोग म्हणतात. गाठ फार सावकाश वाढते, वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. लहानपणी पोटात गेलेले अंडे तरुणपणी पोटदुखी किंवा खोकला होऊन समोर येते. मग सोनोग्राफी, मुंबईच्या खेपा आणि शस्त्रक्रिया. गाठ पोटात फुटली तर जिवावरचे संकट ओढवते.

हा रोग टाळण्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही, हे सांगणारा एक दाखला आहे. युरोपच्या उत्तरेकडील आइसलँड या बेटावर दीडशे वर्षांपूर्वी हा रोग घरोघरी होता. तेथे मेंढ्या अमाप आणि कुत्रीही अमाप. हाराल्ड क्रॅब्बे या डॅनिश वैद्याने १८६३ साली तेथे जाऊन कुत्री तपासली, तेव्हा दर चारांत एकाहून अधिक कुत्र्यांच्या पोटात हे जंत सापडले. त्याने सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती तेथील घराघरांत पोचवण्यात आली. कुत्र्याला गाठींचे कच्चे मांस घालू नका, ते पुरा किंवा जाळा, कुत्र्याला जंताचे औषध द्या, हात धुवा, एवढेच तिचे सार होते. लोक साक्षर होते. त्यांनी ती वाचली आणि तसे वागले. पुढे कायद्याचीही जोड मिळाली. कालांतराने त्या बेटावरून हा रोग हद्दपार झाला. जे बेट एका पुस्तिकेने साधू शकले, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोन तालुक्यांना का साधू नये?

तेव्हा नियम साधा आहे. बकरा, मेंढी, म्हैस यांचे कच्चे काळीज, फुप्फुस, वजडी कुत्र्याला कधीही घालू नये. घालायचेच तर लहान तुकडे करून निदान अर्धा तास खळाखळा उकळावे. गाठी असलेला भाग तर उकळूनही घालू नये, खोल खड्ड्यात पुरावा किंवा जाळावा. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीने जंताचे औषध द्यावे. माणसाचा सरसकट जंताचा डोस त्याला मनाने देऊ नये, कारण पट्टकृमीवरचे औषध वेगळे असते. कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत आणि परसातली भाजी वाहत्या पाण्यात धुऊन घ्यावी.

मग घालायचे तरी काय?

एवढे ‘नको’ सांगितल्यावर ‘काय हवे’ हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडचे गावठी कुत्रे साधारण १५ किलोचे धरू. त्याला दिवसाला ८०० ते ९०० कॅलरी लागतात. दिवसभर शेतावर धावणाऱ्याला थोड्या अधिक, दाराशी झोपून राहणाऱ्याला थोड्या कमी. दिवसभराचा हिशोब असा धरता येईल. शिजवलेला मऊ भात सुमारे ३०० ग्रॅम किंवा तेवढ्याच पोषणाची तांदळाची अथवा नाचणीची भाकरी. बिनहाडाचे शिजवलेले कोंबडीचे मांस दीडशे ग्रॅम. लाल भोपळा, दुधी, गाजर यांपैकी वाटीभर शिजवलेली भाजी. चमचाभर तेल. शिवाय अंड्याचे कवच उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक केलेली पूड अर्धा चहाचा चमचा. या अर्ध्या चमच्यात सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम असते आणि घरच्या आहारात नेमकी त्याचीच तूट पडते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे चांगलेच आहे, पण कुत्र्याची गरज तेवढ्यावर भागत नाही.

यातला कोंबडीचा भाग रोज शक्य नसेल तर दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर घट्ट वरण चालते. कोकणात सुकी मासळी घरोघरी असते. सुकट किंवा जवळा दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावा, म्हणजे मीठ उतरते, मग उकळून भातात कालवावा. बोंबलाचे काटे काढावेत. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा थोडीशी पुरे. ही सगळी मापे धडधाकट मोठ्या कुत्र्याची आहेत. वाढत्या पिल्लाचा, गाभण किंवा विणलेल्या कुत्रीचा आणि आजारी कुत्र्याचा आहार पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावा.

माळकरी घरांची अडचण खरी आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मांजराचे मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचे मात्र वरण, सोयाबीन, दही, पनीर यांवर भागू शकते. पण त्यात काही ना काही कमी राहण्याचा संभव असतो. अशा घरांनी धनधान्याच्या जेवणाला पिशवीतल्या खाद्याची जोड द्यावी, किंवा जीवनसत्त्वे व कॅल्शियमची पूड पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावी. यात कमीपणा काहीच नाही.

पिशवीतल्या खाद्याबद्दल

पिशवीबंद खाद्य वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेल्या चांगल्या खाद्यात कुत्र्याला लागणारे घटक मापून घातलेले असतात. ज्या घरात स्वयंपाकाला वेळ नाही तिथे ती सोयच आहे. फक्त ती सोय डोळे उघडे ठेवून वापरावी. पिल्लाचे आणि मोठ्याचे खाद्य वेगळे असते. वजनाप्रमाणे किती द्यायचे याचा तक्ता पिशवीवर छापलेला असतो, तो वाचावा. मुदत पाहावी. जाहिरातीतल्या कुत्र्याची तुकतुकी पाहून पोते उचलू नये. २००७ साली अमेरिकेत नामांकित कंपन्यांचे खाद्य बाजारातून परत मागवावे लागले होते, कारण त्यात मेलामिन नावाचे रसायन मिसळलेले गव्हाचे ग्लुटेन गेले होते आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे त्याने बिघडली. महाग म्हणजे निर्धोक असा काही नियम नाही.

उलट, स्वस्त म्हणजे कुचकामी असाही नियम नाही. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आपल्या महाडमध्येच राहून विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी किती उपयोगी पडते हे वैद्यकविश्वाला दाखवून दिले. कुत्र्याच्या आहारातही भात, अंडे आणि सुकट यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

लाड करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर चौदा वर्षे एक अभ्यास चालला. अर्ध्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की, कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षे अधिक जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. विशेष म्हणजे हा अभ्यास कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता. बोटांनी चाचपल्यावर कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर चहा-बिस्कीट आजपासून बंद करावे.

वेळ आणि जागा

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा आणि पिल्लाला तीन-चारदा, ठरलेल्या वेळी जेवण द्यावे. त्याचे जर्मनचे भांडे वेगळे असावे आणि रोज घासावे. वीस मिनिटांत जे खाईल ते खरे, बाकीचे उचलून घ्यावे. रात्रभर अंगणात अन्न पडून राहिले की उंदीर येतात. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो कुत्र्यालाही होतो, माणसालाही होतो. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये आणि लेप्टोची लस त्याला दरवर्षी टोचून घ्यावी. पोलादपूरच्या डोंगराकडेच्या वाड्यांना तर बिबट्याचेही भान ठेवावे लागते. रात्री उष्ट्याच्या वासाने कुत्री दाराशी जमली की त्यांच्यामागे तोही येतो.

एक गैरसमज

कच्चे मटण घातल्याने कुत्रा पिसाळतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. पिसाळणे हा रेबीजच्या विषाणूचा रोग आहे. तो पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून, लाळेतून येतो, जेवणातून येत नाही. या समजुतीचा तोटा असा की, ‘आमचा कुत्रा मटण खात नाही, त्याला लशीची काय गरज’ असे म्हणणारे भेटतात. शाकाहारी कुत्र्यालाही रेबीज होतो. तीन महिन्यांच्या पिल्लाला लस टोचावी आणि पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे दरवर्षी टोचून घ्यावी. घरच्या कुत्र्याचा असो वा बाहेरच्या, दात लागला की जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजून काही लोक घरी बसतात. ती जुनी लस देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आताची लस दंडात देतात आणि तिच्या मात्राही थोड्या असतात.

गावाने काय करावे?

प्रत्येक घराने आपापले पाहिलेच पाहिजे, पण काही गोष्टी गावाच्या आहेत. मटणाच्या दुकानामागे कच्च्या अवयवांचा ढीग आणि त्याभोवती कुत्र्यांचे टोळके, हे चित्र ज्या गावात दिसते त्या गावात घरच्या कुत्र्याला कितीही औषध पाजले तरी उपयोग मर्यादितच राहणार. नगरपरिषद, नगरपंचायत आणि ग्रामपंचायती यांनी अशा कचऱ्यासाठी झाकणाचा खोल खड्डा सक्तीचा करावा. जत्रेच्या कमिटीने बकरे कापण्याच्या जागेजवळ असा खड्डा आधीच खणून ठेवावा. त्याला फारसा खर्च येत नाही, दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याच सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावातल्या कुत्र्यांना जंताचे औषध आणि रेबीजची लस देता आली तर एका दगडात दोन पक्षी. शाळेतल्या शिक्षकांनी आइसलँडची गोष्ट मुलांना सांगावी. मुले घरी जाऊन ती आई-बापांना सांगतात, असा अनुभव आहे.

रायगडावरील वाघ्याची कथा इतिहासाला धरून आहे की नाही, यावर जाणकारांचे वाद आहेत आणि ते होत राहतील. पण ती कथा आपल्या भागात इतक्या आवडीने सांगितली जाते, त्याअर्थी कुत्र्याच्या इमानाबद्दल आपल्या मनात जागा आहे, हे खरे. त्या इमानाच्या बदल्यात कुत्रे फार काही मागत नाही. आज संध्याकाळी भाताचे पातेले चुलीवरून उतरले की कालवण ओतण्याआधी दोन वाट्या भात बाजूला काढावा, त्यात एक अंडे कुस्करावे आणि थंड करून त्याच्यापुढे ठेवावा. आणि येत्या रविवारी मटणवाल्याने कच्चे फुप्फुस ‘घ्या कुत्र्याला’ म्हणून पुढे केले, तर ‘नको दादा, ते खड्ड्यात टाका’ असे स्पष्ट सांगावे.